रातकिड्याला आधी टोपी घाला

तर तुम्हाला पोरांच्या एका जुन्या गोष्टीवर फॅमिली ॲनिमेशन सिनेमा काढायचाय. उत्तम. पिनोकिओ घ्या, तो जिवंत झालेला लाकडी बाहुला. गोष्ट आपल्याला पाठ आहे असं प्रत्येकाला वाटतं आणि मूळ पुस्तक फारसं कुणी उघडलेलं नसतं, त्यामुळे काय काय कापलंत ते पकडायला कुणी येत नाही.

आधी रातकिडा उरका. कार्लो कोलोदीच्या पुस्तकात तो चौथ्या प्रकरणात चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि पिनोकिओ त्याला लाकडी हातोडा फेकून मारतो, किडा भिंतीला चिकटून खलास. पॉपकॉर्न खाता खाता हे बघवणारे का? मग त्याला टोपी घाला (प्रेक्षकांना नंतर घालायचीच आहे), हातात छत्री द्या आणि पोराच्या सदसद्विवेकबुद्धीची पर्मनंट नोकरी लावून द्या. डिस्नेने १९४० मध्ये हेच केलं, आणि मूळ गोष्टीत हातोडा खाल्लेल्या त्या किड्याच्या तोंडच्या गाण्याला ऑस्कर मिळालं.

मग गरिबी. पुस्तकातला जेपेटो, म्हणजे पिनोकिओला लाकडातून घडवणारा बाप, इतका कडका की घरातला विस्तवसुद्धा भिंतीवर रंगवलेला, त्यावरचं भांडंही रंगवलेलंच, वाफेसकट. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातली ही सगळ्यात भारी जागा, पण रंगवलेल्या विस्तवाचं खेळणं दुकानात कसं विकणार? त्यापेक्षा घरभर घड्याळं लावा, एक मांजर आणि एक लाडीक मासोळी आणून ठेवा. आणि अंगातला कोट विकून पोराला पुस्तक आणतो तो सीन तर नकोच नको, आईबाबांना फी आठवते.

फाशी पण आहे बरं का. १८८१ साली ही गोष्ट मुलांच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती, तेव्हा कोलोदीने पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला झाडाला लटकवला आणि त्याच्या बाजूने विषय संपवला, पण वाचणारी पोरं पुढचं मागायला लागली म्हणून त्याला परत जिवंत करावं लागलं. म्हणजे घाबरून बसायचं सोडून पोरं वर आणखी द्या म्हणत होती. हे मीटिंगमध्ये बोलू नका.

हिरो मूळचा आगाऊ आहे, चिडका आहे, मांजराचा पंजा दातांनी तोडतो, तेव्हा गाल गोल करा, डोळे मोठे करा. डिस्नेलाही त्याचा बाहुला फार लाकडी वाटला म्हणून काम मध्येच थांबवून तो नव्याने काढावा लागला होता.

आता गाढव. शाळा सोडून उनाडायला गेलेल्या पोरांची गाढवं होतात, त्यात पिनोकिओही असतो. पुस्तकात तो पुरता गाढव होतो, सर्कशीत लंगडा होतो, मग कातड्याचा ढोल करायचा म्हणून एकजण त्याला गळ्यात दगड बांधून समुद्रात बुडवतो, आणि मासे मांस खाऊन टाकतात तेव्हा कुठे आतून लाकडी पिनोकिओ निघतो. तुम्ही कान आणि शेपटीवर भागवा. बाकीची पोरं मात्र पूर्ण गाढवं झाली तरी चालतील, ती काही हिरो नाहीत. डिस्नेने त्यांना खोक्यांत भरून मिठाच्या खाणीत आणि सर्कशीत पाठवलं, त्यातल्या एकाला अजून बोलता येत होतं, तो आई आई करत होता, त्यालाही परत आत ढकलला, आणि शेवटपर्यंत त्यांना सोडवायला कुणीही गेलं नाही. तुम्हीही जाऊ नका, बजेट वाढतं.

थिएटरमधून बाहेर पडताना एखाद्या कार्टीने विचारलंच की त्या गाढवांचं पुढे काय झालं, तर टोपीवाला रातकिडा घेऊन द्या.