नागपुरात बसून मिनिकॉयचा दर्यावर्दी वारसा कसा जपावा

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर पुस्तक लिहायचंय ना, मग सगळ्यात आधी मनातली भीती काढून टाका भाऊ. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, तट नाही म्हणून आपण खरे तटस्थ. जायचंच म्हटलं तर लक्षद्वीपचं परमिट काढा, कोचीहून जहाज पकडा, वाटेत उलट्या काढा, कशाला? आपल्या फुटाळा तलावावर बोटीत बसून लाइफ जॅकेट घालून एक फोटो काढला की कव्हर झालं.

भाषेच्या भानगडीत पडू नका. मिनिकॉयचे लोक महल बोलतात, ती मालदीवच्या धिवेहीची बहीण, आणि लिपी ताना, उजवीकडून डावीकडे जाणारी. तुम्ही आपलं लक्षद्वीप म्हणजे मल्याळम असं धरून चाला, चुकलं तर दुभाष्यावर ढकलता येतं.

आता मुख्य गोष्ट, म्हातारे खलाशी. त्यांना टाळाच. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या मालवाहू जहाजांवर कामाला जात आलीत, एकदा बोलायला लागले की बंदरं, पगार, कंत्राट, पोरगी झाली तेव्हा बाप कुठल्या समुद्रात होता, सगळं काढतात आणि आपलं प्रकरण तीन पुरे होत नाही. त्यातून कुणी ताऱ्यांवर घसरला तर संपलंच. ध्रुवतारा तिथे क्षितिजाच्या जेमतेम ८ अंश वर दिसतो, आपल्या नागपुरात २१, आणि जुने नाखवा लाकडाची फळी अन् गाठींची दोरी दातात धरून हीच उंची मोजायचे, घरच्या उंचीवर तारा आला की बस पूर्वेला नाहीतर पश्चिमेला वळायचं, घर येतंच. हे समजायला रात्री गच्चीवर जावं लागतं, आणि डास काय कमी आहेत काय आपल्याकडे.

टूना कसा पकडतात तेही लिहू नका. म्हणजे जिवंत बारके मासे पाण्यात टाकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे, टूनाला वाटतं अख्खा थवाच आलाय, मग उलटा काटा नसलेल्या गळाने एकेक मासा उचलून मागे बोटीत फेकायचा, गळ आपोआप सुटतो. पुढे तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात, त्याला मास म्हणतात, त्यात बायकांचा मोठा हात. एवढ्या सगळ्याला 'पारंपरिक मासेमारी' हे दोन शब्द पुरतात. बायकांना तर विचारूच नका, त्या कामात असतात.

सहा पानं दीपगृहाला द्या. १८८५ चं, ब्रिटिशांनी बांधलेलं, तारीख पक्की, कागद इंग्रजीत, आणि ते बिचारं उलट बोलत नाही.

प्रकाशन सीताबर्डीला एखाद्या हॉलमध्ये, आधी तर्री पोहे, मग तुमचा सत्कार, मग पुन्हा तुमचा. फक्त एक प्रत चुकूनही मिनिकॉयला पाठवू नका. मराठी नाही यायची त्यांना, पण कव्हर बघून कुणीतरी आजोबा विचारतील, ही बोट कुठल्या तलावातली?