आधी हाताने फिरवा, मग सेल्फ मारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बरीच वर्षं उभी असलेली कार्बोरेटरची गाडी सुरू करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "एवढा फाफटपसारा कशाला? नवी बॅटरी लावायची, कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा. पुस्तकी लोक उगाच घाबरवतात." पुढे जुन्या पेट्रोलबद्दल आणि माझ्या भाषेबद्दलही बरंच काही आहे.

मत वेगळं असायला हरकत नाही. पण पुस्तकी? माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) धुवायला आणि इग्निशनचे पॉइंट घासायला बसायचो. परीक्षेलासुद्धा काळी नखं घेऊन गेलोय. ज्याला ओळखत नाही त्याच्यावर शिक्का मारण्याआधी निदान त्याचा लेख तरी पुरता वाचावा. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही.

एक मान्य. पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकल्यात का, हे बघायला मी फार खाली सांगितलंय. ते वर घेतो.

आता तुमचं 'सेल्फ मारायचा'. गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तिथे दमट हवा शिरते, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. तशात सेल्फचा झटका दिला तर बोअरवर ओरखडे पडतात, रिंग तुटूही शकते. वरून पेट्रोल ओतलंत की उरलंसुरलं ऑइलही धुऊन जातं. आणि एवढं होऊनही गाडी बहुतेक वेळा सुरू होते! म्हणून तुम्हाला वाटतं, काही बिघडलं नाही. पुढे सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला की बोल लागतो ऑइलला.

म्हणून सांगतो ते पुन्हा सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिलिलिटरच्या आसपास इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा; तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्हवरचं टॅपेट कव्हर उघडून बघा. मोकळं फिरलं की, ठिणगी पडू नये म्हणून, कॉइलची वायर काढा आणि प्लग न लावताच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, थांबून थांबून सेल्फ मारा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नसल्यामुळे कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही.

आणि ते झाकणभर पेट्रोल? बॅकफायर झाला, म्हणजे इंजिन उलटं भडकलं, की जाळ कार्बोरेटरच्या तोंडातून वर येतो. वडिलांच्या हाताखालच्या एका माणसाचा चेहरा असाच भाजला होता. 'उगाच घाबरवतात' हे त्याच्यासमोर म्हणून बघा. कार्बोरेटरमधली पेट्रोलची फ्लोटची वाटी व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) सिरिंजने भरता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या पेट्रोलात नवं मिसळून भागत नाही. जेटमध्ये धरलेली राळ त्याने सुटत नाही. टाकी रिकामी करा, कार्बोरेटर उघडा. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा इंजिन कोणतं आणि किती वर्षं उभं होतं, एवढं लिहा. त्यावर जरूर बोलू.