बार किती बाहेर होता?

आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते मास्तरांच्या एका वाक्यानं. "फोनमध्ये डोकं घालून कुणी शहाणं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही." बोलले मला, झोंबलं अण्णाला.

अण्णा सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र, चालवतो. त्यानं फोन काढला आणि महिनाभरापूर्वीची हकिगत सांगितली. एका जॉबच्या बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, फिनिशच येईना. आत नुसत्या लाटा, आणि भोक आतून कापणारा बार किंचाळतोय. धंद्यातल्या लोकांचा मोठा फेसबुक गट आहे, तिथं त्यानं टाकलं : "बोअरमध्ये फिनिश खराब येतंय, उपाय सांगा." उत्तरं आली. एक म्हणाला स्पीड कमी कर, दुसरा म्हणाला वाढव. तीन अंगठे आले. एकानं लिहिलं, "मीपण याच्याच शोधात आहे."

"हेच म्हणतोय मी," मास्तर.

"थांबा ना मास्तर. पुढं ऐका."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं मांडलं. मटेरियल, बोअर ५० मिमी खोल, स्टीलचा १६ मिमीचा बोरिंग बार, होल्डरमधून ९० मिमी बाहेर, स्पीड, फीड, कापणाऱ्या पात्याच्या टोकाची गोलाई, आणि आधी काय काय करून पाहिलं ते. अर्ध्या तासात एका अनोळखी माणसाचा उलट प्रश्न आला : "बोअर ५० खोल, मग बार ९० बाहेर कशाला?"

स्टीलचा बार व्यासाच्या साधारण चौपट बाहेर असेल तोवर न थरथरता निभावतो, कार्बाइडचा सहापटीपर्यंत, हा त्यांच्या धंद्यातला ठोकताळा. सोळा चोक चौसष्ट. अण्णाचा बार साडेपाच पटीहून जास्त बाहेर होता. आधीचा जॉब खोल होता, त्याची सेटिंग तशीच राहून गेली होती. बार ५८ वर आणला आणि आवाज बंद.

"पण हा ठोकताळा तुला माहीत होताच की," मास्तर म्हणाले.

"माहीत होता. दिसला नव्हता."

पिंकी सॉफ्टवेअर टेस्टर. ती म्हणाली, यात गटाचं काय कौतुक? बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, नीट लिहायला घेतला की अर्धे बग लिहितानाच सुटतात, तुझंही तसंच झालं असणार. अण्णा म्हणाला, नाही झालं. "मी स्वतःच्या हातानं ९० लिहिलं, वाचून पाठवलं, तरी कळलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला कळलं." यावर पिंकी गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा पटलेलं असतंच असं नाही.

एवढ्यात अण्णाचा फोन सिस्टरांच्या हातात गेला होता. त्यांनी पोस्टमधला जॉबचा फोटो मोठा केला. "अण्णा, जॉबच्या खाली हा ड्रॉइंगचा कागद आहे ना? यावर तुझ्या गिऱ्हाइकाचं नाव वाचता येतंय."

अण्णानं फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. महिनाभर तो फोटो हजारो लोकांसमोर होता. त्यानं तो तिथल्या तिथं काढला. सिस्टर काही लागट बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की आमच्याकडे पेशंटचं नाव झाकलं म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. मग हातावरचं गोंदण ओळख सांगतं, नाहीतर कडेला दिसणारी तारीख आणि खाटेचा नंबर. त्या स्वतः नर्सिंगच्या एका गटात तीन वर्षं आहेत, अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

"मग तिथं करता काय?" मास्तर.

"वाचते. आणि शिकते."

मास्तरांना हवाच तो मुद्दा मिळाला. वाचणं म्हणजे शिकणं नव्हे, काठावर बसून पोहायला येत नाही वगैरे. मीही इथं एक कबुली दिली, कारण या बाबतीत माझ्याइतका मोठा गुन्हेगार कट्ट्यावर दुसरा नाही. मी भाषांतर करतो. परिभाषा, कोश, करार यांवर कुणी काही बरं लिहिलं की मी ते सेव्ह करतो. अशा शेकडो पोस्टी जमल्यात. उघडून पुन्हा वाचलेल्या? हाताच्या बोटांवर मोजाव्यात. पण सेव्ह करताना जे समाधान मिळतं ते थेट अभ्यास झाल्याचं.

पिंकीनं यावर एक प्रयोग सांगितला. शिकागो विद्यापीठातल्या मायकल कार्डस आणि एड ओब्रायन यांचा, २०१८ साली छापून आलेला. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना वाटलं, आपला नेम आता चांगला लागणार. प्रत्यक्ष फेकायला लावलं तर एकदा पाहिलेल्यांपेक्षा तसूभरही सरस नाहीत. वाढला होता तो निव्वळ आत्मविश्वास.

"झालं तर मग!" मास्तर इतके खूश झाले की मांडी बदलून बसले.

सिस्टर मात्र हटल्या नाहीत. "मी वाचते आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभी असते. ड्रेसिंग बदलताना पट्टी अशी सोडवली तर कमी दुखतं, एवढी एक गोष्ट वाचली तरी सकाळी हातात येते. तुमचा डार्टवाला घरी जाऊन डार्ट फेकत नव्हता."

मला इथं मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियात शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांवर केलेलं काम आठवलं. ती पोरं कपडा बेतण्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी बटणं लावायची, दुमड घालायची, म्हणजे कपड्याच्या शेवटाकडून. मग शिवण, आणि कात्री अगदी उशिरा. कडेला बसून शिकण्याचीही एक रीत असते, असं लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात मांडलं. मी हे सिस्टरांच्या बाजूनं सांगितलं. पिंकीनं ते उचलून माझ्याच डोक्यात घातलं : "कडेला बसून ती पोरं बटणं लावत होती. तू नुसता बटणांचे फोटो साठवतोस." बरोबर आहे. काय बोलणार?

मग गाडी ओळखीपाळखींवर आली, आणि मास्तरांचा खरा राग तिथं होता हे तेव्हा कळलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लिंक्डइनवर निरोप आला, "सर कसे आहात, तब्येत कशी." मास्तर विरघळले, सविस्तर उत्तर लिहिलं. तिसऱ्या निरोपात त्यानं बायोडेटा पाठवला, कुणाला तरी पुढं द्याल का म्हणून. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं," मास्तर म्हणाले. "पहिल्याच ओळीत मागितलं असतं तर आनंदानं दिला असता." यावर कुणीच वाद घातला नाही.

पण ओळखींचा उपयोगच नाही, हे मला मान्य नव्हतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे सुमारे १७ टक्के निघाले. अधूनमधून, असं म्हणणारे जवळपास ५६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २८ टक्के. माणसं होती ५४ च, पण कारण पटण्यासारखं आहे. जे रोज भेटतात त्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. आमचा कट्टाच घ्या. इतकी वर्षं बसतोय, एकानं दुसऱ्याला काम मिळवून दिल्याची नोंद नाही.

पिंकी म्हणाली, ते जुनं झालं, आता याची चाचणी लिंक्डइनवरच झालीय. 'तुम्ही यांना ओळखत असाल' या यादीत कोण दिसावं हे वेगवेगळ्या लोकांसाठी बदलून पाहिलं, २०१५ ते २०१९, सुमारे दोन कोटी माणसांवर. २०२२ मध्ये ते 'सायन्स' या नियतकालिकात आलं. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती मध्यम सैल ओळख. अगदी घट्टही नाही आणि पार अनोळखीही नाही.

"दोन कोटींवर प्रयोग, आणि त्यांना पत्ता नाही?" मास्तर.

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता, आणि माझ्या मते रास्त होता. पिंकीनं खांदे उडवले. मग ती अण्णाकडे वळली. "तुझ्यासाठी त्यात वाईट बातमी आहे. सैल ओळखीचा फायदा संगणकाशी जास्त संबंध असलेल्या धंद्यांत दिसला. तसा संबंध कमी, तिथं घट्ट ओळखच जास्त कामाची ठरली."

अण्णा जराही हलला नाही. "मला नोकरी नकोच होती. मला माझा बार किती बाहेर आहे ते कळायला हवं होतं." आणि त्यानं एक गोष्ट सांगितली जी आधी सांगायची राहिली होती. आवाज बंद झाल्यावर त्यानं त्याच पोस्टखाली लिहिलं : बार ५८ वर घेतला, फिनिश आलं, चूक माझी. तेव्हापासून लोक त्याला नावानिशी विचारतात. तो उलट प्रश्न विचारणारा माणूस आता अधूनमधून बोलतो, बहुतेक वेळा स्वतःचीच अडचण घेऊन.

"चूक मान्य करायला लागते म्हणून कुणी असं लिहीत नाही," सिस्टर म्हणाल्या.

मी मास्तरांना त्यांच्याच विषयातलं, गणितातलं, उदाहरण दिलं. जानेवारी २००९ मध्ये टिमोथी गॉवर्स या फील्ड्स पदक मिळवलेल्या गणितज्ञानं ब्लॉगवर विचारलं की पुष्कळ जणांनी मिळून उघड्यावर गणित करता येईल का. अट अशी की कल्पना पिकेपर्यंत कोपऱ्यात जाऊन बसायचं नाही, कच्ची असतानाच टाकायची. टेरेन्स ताओसारखे नामांकित गणितज्ञ त्यात उतरले आणि एक शाळामास्तरही. मार्चमध्ये गॉवर्सनं सांगितलं की प्रश्न बहुधा सुटलाय. निबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामाईक नावानं लिहिला गेला.

"शाळामास्तर?" मास्तरांनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ बोलले नाहीत आणि शेवटी खिशातून फोन काढला. त्यांनी लिहिलं : "सातवीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज कशी शिकवावी?"

"फिनिश खराब येतंय, उपाय सांगा," अण्णा म्हणाला.

मास्तरांनी ते खोडलं. दुसरा मसुदा मोठ्यानं वाचला : "वर्गातली अकरा मुलं १/२ + १/३ = २/५ लिहितात. कागदाच्या पट्ट्या कापून दाखवल्या. पट्टीवर सगळे बरोबर सांगतात, वहीत पुन्हा २/५."

"२/५ तर अर्ध्याहून कमी आहे," पिंकी म्हणाली. "अर्ध्यात भर घातली आणि कमी झालं. हे त्यांना विचारलंत?"

मास्तर स्क्रीनकडे बघत राहिले. "नाही विचारलं." आणि अंगठा खोडण्याच्या खुणेकडे गेला.

"खोडू नका," अण्णा म्हणाला. "तेही लिहा खाली. आणि मागं वही दिसत असेल तर पोराचं नाव झाका."