दोन पेट्या

ओसाकातल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्यालगतच्या फळीवर एक सुरी असते. तिचे पाते १५ सेंटिमीटरचे आहे, मूठ मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाची आहे आणि या मापाच्या सुरीला जपानी लोक ‘पेटी’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ ‘लहान’. ओसाकाजवळच्या साकाईहून पेटी आणली असे मी फोनवर सांगितले तेव्हा आईने विचारले होते, ‘आता या वयात वाजवायला शिकणार का तू?’ किंमत १५,००० येन, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

दुसरी पेटी हत्यारांची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुंभार, चांभार अशा अठरा व्यवसायांतल्या कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते, पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि पुढे कमी व्याजाचे कर्ज मिळते. या योजनेवरून शाळेच्या वर्गमित्रांच्या गटात अधूनमधून खडाजंगी होते. एका बाजूचे म्हणणे असे, की गावगाड्यातल्या कारागिराकडे उशिरा का होईना सरकारने पाहिले. दुसरी बाजू म्हणते, की लोहाराच्या मुलाला पुन्हा भात्यापाशी बसवण्याचा हा उद्योग आहे आणि बारा बलुतेदारी मागच्या दाराने परत येते आहे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमकी हीच हरकत घेतली: अर्जदाराच्या घराण्यात तो व्यवसाय परंपरेने चालत असला पाहिजे ही अट काढा, नाहीतर आहे त्या स्वरूपात योजना आम्ही राबवणार नाही. माझा कौल या हरकतीच्या बाजूने आहे. तरीही दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक माणूस मला कुठेच दिसत नाही, तो म्हणजे सुरी विकत घेणारा.

साकाई हे ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेले जुने बंदर. हांकाईची ट्राम घरांना जवळजवळ घासत तिथे जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू आणि बंदूक जपानात आली. साकाईच्या लोहारांनी तंबाखूची पाने बारीक कापण्याच्या सुऱ्या घडवल्या आणि पुढे तोकुगावांच्या राजवटीने त्या सुऱ्यांवर गुणवत्तेचा शिक्का मारून दिला. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणतात ती परक्या पानाच्या निमित्ताने वाढली, आणि माझी पेटी तर आकारानेच पाश्चात्त्य; साकाईची खरी ख्याती मासे कापण्याच्या, एकाच बाजूने धार असलेल्या सुऱ्यांची. (परंपरा शुद्ध राखण्याविषयी आपल्याकडे तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा या ट्राममध्ये बसावे.)

ही सुरी एका हाताने होत नाही. लोहार मऊ लोखंडाच्या दोन पदरांमध्ये कडक पोलादाची पट्टी धरून ती भट्टीत तापवतो, घणाखाली एकजीव करतो, पात्याला मातीचा पातळ लेप देतो आणि तापवून पाणी देतो, म्हणजे लाल पाते झटकन पाण्यात बुडवून कडक करतो. ‘पाणी देणे’ हा आपल्या लोहारांचा शब्द इथे वापरताना मला कुठेही अडखळावे लागले नाही. पोलादाच्या एका जातीचे नाव ‘पांढरा कागद’, दुसरीचे ‘निळा कागद’. ज्या रंगाच्या कागदाची खूण तिच्यावर असे तेच नाव रूढ झाले. घडवलेले पाते मग दुसऱ्या घरी जाते, जिथला माणूस आयुष्यभर फक्त धार काढतो. मूठ तिसरा बसवतो. या सगळ्यांना बांधून ठेवणारा ठोक व्यापारी असतो आणि पात्यावर पिढ्यान् पिढ्या बहुधा त्याचेच नाव कोरले गेले, लोहाराचे नाही. जपानी कारागिराच्या सन्मानाच्या कथा आपल्याकडे फार चवीने सांगितल्या जातात, म्हणून ही बाजूही सांगितली पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात मी लिंबू चिरून सुरी तशीच ठेवली आणि फोन घेतला. अर्ध्या तासाने पाहते तो पात्यावर तांबूस डाग. दुसऱ्या दिवशी ती घेऊन दुकानात गेले तेव्हा तिथल्या आजोबांनी न रागावता डाग घासून काढला आणि मला शेजारी उभे करून धार लावायला शिकवले. १,००० नंबरचा दगड पाण्यात भिजवायचा, पाते जरा कलते धरून डाव्या हाताची बोटे त्यावर टेकवायची आणि सरळ रेषेत पुढे-मागे न्यायचे. काही वेळाने पात्याच्या उलट बाजूला अंगठ्याच्या कातडीला केसाएवढा कंगोरा खरखरतो. तो टोकापासून मुठीपर्यंत सलग लागला की बाजू बदलायची. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी मी हे करते. कोथिंबीर चिरली की पाटावर हिरवा डाग उमटत नाही, एवढ्यावर मला धार कळते. नुसत्या दगडाने भागत नाही असे झाले, किंवा पात्याचा टवका उडाला, तर सुरी दुकानात नेते. ती नीट करून देण्याचे वेगळे पैसे असतात आणि ते किती, हे आधीच लिहून लावलेले असते.

आता आमचे स्वतःचे घर. लहानपणी पावसाळ्याआधी घिसाडी कुटुंब गावाबाहेर पाल टाकायचे. पुरुष सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरायचा आणि त्याची बायको डोक्यावरून घण आणून नेमका त्यावर घालायची. आमची विळी, नारळ फोडायचा कोयता, खुरपी, सगळे तिथे शेवटायला, म्हणजे पुन्हा धार करून घ्यायला, जायचे. आई सांगितलेल्या पैशांच्या निम्म्यापासून सुरुवात करायची आणि त्यात तिला काहीच वावगे वाटत नसे. मलाही वाटले नाही. बलुत्यात लोहाराच्या एकेका वस्तूला किंमत नव्हती, वर्षाच्या धान्यात त्याचा वाटा होता. बलुते मोडले, वस्तूला किंमत आली, पण ती ठरवायची कशी हे ना गावाने शिकून घेतले ना शहराने, आणि घिसाड्यासारख्या फिरस्त्याला तर वाटाही कधी नव्हता. मॉलमध्ये छापलेल्या किमतीची सुरी आपण मुकाट्याने घेतो.

जपानमध्ये १९७४ च्या पारंपरिक हस्तव्यवसायाच्या कायद्याने मान्यतेच्या अटी घातल्या, त्यांतली पहिली मला महत्त्वाची वाटते: वस्तू मुख्यतः रोजच्या जगण्यातल्या वापराची असली पाहिजे. मुख्य काम हाताने झालेले हवे आणि तंत्र शंभर वर्षांचे हवे, या अटी नंतरच्या. साकाईच्या सुऱ्यांना १९८२ मध्ये ही मान्यता मिळाली. त्याच कायद्याखाली जो ‘पारंपरिक कारागीर’ म्हणून परीक्षेला बसतो त्याच्या गाठीला किमान बारा वर्षांचे काम लागते. त्याचे आजोबा काय करत होते, हे त्या परीक्षेत विचारले जात नाही. पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणाशी याची तुलना अन्यायाची होईल, कारण आपल्या योजनेत येणारा लोहार बहुतेकदा काम आधीच जाणतो. पण मग त्याला शिकवायचे तरी काय, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते त्याचे उत्तर किंमत, दुरुस्तीचा दर आणि स्वतःच्या नावाची खूण हे आहे. घण त्याच्याकडे आहेच.

घराण्याची अट जावी, असे मी आमच्या गटात लिहिले तेव्हा एका मैत्रिणीने मला गाठले. तिचे म्हणणे असे, की दार उघडले की पुण्या-मुंबईची शिकलेली मुले भट्टी घालतील, इंग्रजीत जाहिरात करतील आणि आठ हजारांना सुरी विकतील. घिसाडी मात्र पालातच राहील आणि त्याची कला तेवढी पाल सोडून जाईल. मला याचे पुरते उत्तर देता आले नाही. साकाईत आता बाहेरून आलेली मुले शिकतात, काही परदेशीही आहेत, आणि त्यांच्यामुळे भट्ट्या चालू राहतात. पण तिथे लोहाराला गावाबाहेर पाल टाकावे लागत नव्हते. म्हणून दार उघडताना शिकवण्याचे काम घिसाड्याकडेच द्यावे आणि शिकणाऱ्याची फी त्याच्याच खात्यात जावी, एवढी अट मी आता माझ्या म्हणण्याला जोडते. शिवाय पात्यावर नाव कोरायचे झाले, तर ते सांडशी धरणाऱ्या पुरुषाचेच कोरले जाईल की घण घालणाऱ्या त्या बाईचेही, हे अर्जाच्या नमुन्यात आधीच लिहून ठेवलेले असावे.