रक्तपट बघणारा पोरगा खुनी होत नसतो

‘पालकांनो, सावधान’ अशा मथळ्याचा तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मला तो चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो ताईकडून आला. खाली तिने लिहिलं होतं, ‘ह्याला कुणा डॉक्टरला दाखवू का? मला भीती वाटायला लागलीय.’ ‘हा’ म्हणजे माझा भाचा, वय 19, रक्तपटांचा, म्हणजे रक्त आणि जखमा उघड दाखवणाऱ्या भयपटांचा शौकीन. त्याचा खोट्या जखमा करायचा मेकअपचा डबा तिने कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. म्हणून आता उत्तर देणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वीच्या भयपटांत रक्त नव्हतं, नुसती भीती होती. आजच्या पिढीला फाडलेली पोटं बघितल्याशिवाय चैन पडत नाही. अशा सिनेमांमुळे खून वाढले. बघून बघून मन बधिर होतं, म्हणून प्रत्येक सिनेमा आधीच्यापेक्षा जास्त रक्ताचा लागतो. आणि शेवटी जाड अक्षरांत: ज्याला हे बघवतं त्याच्यातली माणुसकी मेलेली असते, घरात असं मूल असेल तर आजच सावध व्हा.

‘पूर्वी रक्त नव्हतं’ हे धादांत खोटं आहे. पॅरिसमध्ये 1897 साली ग्रां गिन्योल नावाचं नाट्यगृह सुरू झालं. तिथे रंगमंचावर डोळे काढले जायचे, गळे चिरले जायचे, आणि लोक तिकीट काढून ते बघायला जायचे. पाउला माक्सा ही तिथली नटी तर रोज नव्या तऱ्हेने ‘मरण्यासाठीच’ प्रसिद्ध होती. सिनेमात रक्त कमी दिसायचं ते प्रेक्षक सोज्वळ होते म्हणून नाही. हॉलिवूडमध्ये 1968 पर्यंत हेज कोडचे, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं याच्या नियमावलीचे, निर्बंध होते, म्हणून. 1960 च्या ‘सायको’त न्हाणीघरातल्या खुनाला चॉकलेट सिरप वापरलं, कृष्णधवल चित्रात ते खपून गेलं. तीनच वर्षांनी ‘ब्लड फीस्ट’ने तेच रंगीत आणि उघडंवाघडं दाखवलं. तेव्हा तो बघायला गेलेली तरुण मुलं आज आजोबा-आजी आहेत.

आता तो शेवटचा, जाड अक्षरांतला मुद्दा. तो कुणाच्या तरी घरात जाऊन एका आईला स्वतःच्या मुलाची भीती घालतो, म्हणून त्याचा मला सर्वात जास्त राग आहे.

क्लार्क मॅकॉली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांना तीन खऱ्या चित्रफिती दाखवल्या: एक कत्तलखान्यातली, एक माकडाला मारून त्याचा मेंदू खाण्याची, एक लहान मुलाच्या चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेची. नको वाटलं की बंद करायची मुभा होती. बहुतेकांनी त्या शेवटपर्यंत न बघताच बंद केल्या. सिनेमातलं रक्त बघण्याची सवय तर त्या पिढीला चांगलीच होती, मग इथे काय अडलं? समोर जे चाललंय ते खरं आहे, एवढंच. रक्तपटातलं रक्त बघवतं ते आपल्याला माणसाच्या वेदनेचं काही वाटत नाही म्हणून नव्हे. तिथे कुणालाही वेदना होत नाहीये हे आपल्याला आतून पक्कं ठाऊक असतं, म्हणून. ती खात्री गेली की मजाही जाते. ग्रां गिन्योल 1962 मध्ये बंद पडलं, तेव्हा शेवटचे संचालक शार्ल नोनों यांनी कारण दिलं ते हेच: दुसऱ्या महायुद्धाआधी रंगमंचावरचं सगळं अशक्य वाटायचं, आता ते, आणि त्याहून भयंकर, खरोखर घडू शकतं हे लोकांना कळलंय.

आमच्याच घरातलं सांगतो. गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी खऱ्या अपघाताचा व्हिडिओ टाकला. रस्त्यावर पडलेली माणसं, चेहरे स्पष्ट दिसत होते. मोठ्या माणसांनी हात जोडलेल्या इमोजी टाकल्या आणि पुढे पाठवला. ‘हा काढून टाका, ह्यांच्या घरचे बघत असतील’ असं लिहिणारा एकटा भाचा होता. ‘माणुसकी मेलेली’ म्हणतात तो हाच मुलगा.

आणि त्या डब्यात काय आहे ते मी बघितलंय. टिश्यू पेपरचे थर फाडून मनगटावर चिकटवायचे, प्रत्येक थरावर द्रव लेटेक्स लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा थर. मग मधोमध चीर देऊन आत गडद तांबडा रंग, कडेला जांभळट-पिवळा, कारण मार काही दिवसांचा झाला की कडा पिवळी पडते. कड कातडीत विरली पाहिजे, शिवण दिसली की संपलं. एका जखमेवर तो तीन तास बसतो. त्याची वही शरीररचनेच्या चित्रांनी भरलेली आहे. टेरंटिनो की कोण, असल्या दिग्दर्शकांची नावं तो घेत नाही. तो बोलतो टॉम सॅविनी या सिनेमातल्या मेकअप कलाकाराबद्दल, जो व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार होता आणि तिथे बघितलेलं त्याने पुढे पडद्यावरच्या जखमांत आणलं. सिनेमा बघतानाही पोरगा पॉज करून विचारतो, ‘मामा, खोट्या रक्ताची नळी कुठून नेली असेल?’

खून वाढले म्हणणाऱ्यांसाठी फार वेळ घालवत नाही. अमेरिकेत खुनाचं प्रमाण 1991 मध्ये लाखामागे साडेनऊच्या वर होतं, 2014 मध्ये साडेचारच्या आसपास. छळ दाखवणाऱ्या सिनेमांची मोठी लाट 2004 पासून पुढे आली, म्हणजे या घसरणीच्या काळातच. गॉर्डन डाल आणि स्तेफानो देलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं की हिंसक सिनेमाला गर्दी असते त्या संध्याकाळी मारामारीचे गुन्हे कमी होतात. एक कारण असं की मारामारी करू शकणारी तरुण मंडळी तेवढा वेळ दारू न पिता थिएटरात बसलेली असतात. दूरगामी परिणामांबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही, हे मान्य.

बधिरपणाचं म्हणाल, तर आवड अशी सरळ वर चढत जात नाही. ‘सॉ’ ही भयपटांची मालिका दरवर्षी नवे यातनायंत्र घेऊन यायची, आणि 2009 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या सहाव्या भागाला मागे टाकलं ते जवळपास रक्तच नसलेल्या, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये केलेल्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ने. 2024 मध्ये पुन्हा ‘टेरिफायर 3’चा रक्ताळ विदूषक अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. लोकांना कंटाळा येतो, चव बदलते, परत येते.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. लहान मुलांना हे दाखवू नये. सहा वर्षांच्या पोराला पडद्यावरचं आणि खरं यातलं अंतर नेहमी नीट धरता येत नाही आणि ती भीती वर्षानुवर्षं राहू शकते. 1980 च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या सिनेमात प्राणी खरोखर मारले, त्याचंही समर्थन मी करणार नाही. पण मेसेज यातलं काहीच म्हणत नाही. तो एकोणीस वर्षांच्या मुलांना संशयित ठरवतो.

ताई, डॉक्टरला दाखवायची गरज नाही. त्याच्याजवळ बस आणि एकदा तुझ्या हातावर जखम करून घे. आणि डबा आजच दे, लेटेक्सच्या बाटलीचं झाकण नीट लागत नाही, आत वाळून जाईल.