फ्लूची गोळी डुकरांच्या तापावर चालत नाही

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर औषध सापडलंय. माणसाच्या स्वाइन फ्लूची गोळी डुकराला द्या. लॅबमध्ये औषधाने विषाणू मरतो, पण कंपन्या हे दडपतात. जनावरं मारायची गरजच नाही.’ परवा गोराईच्या एका वराहपालकांनी तो मला दाखवला. दुसऱ्या हातात गोळ्यांची स्ट्रिप, शेजारी गूळ. डुकरं ठणठणीत होती. “डॉक्टर, आधीच देऊन ठेवू का?” असं त्यांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय.

सगळा घोळ नावाचा आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा ताप, स्वाइन फ्लू हा वेगळाच रोग. २००९ मध्ये मुंबईत स्वाइन फ्लू आला, तेव्हा त्यावरची गोळी, ओसेल्टामिव्हिर, घराघरांत माहीत झाली. फ्लूचा नवा विषाणू पेशीपासून सुटतो तो न्युरामिनिडेज नावाच्या कात्रीने. ही गोळी ती कात्रीच अडवते. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू वेगळ्याच कुळातला, दीडशेहून जास्त जनुकांचा, आणि त्याच्याकडे ही कात्री नाही. मग गोळी अडवणार काय? शिवाय हा रोग माणसाला होतच नाही.

‘लॅबमध्ये मरतो.’ हो, काचेच्या बशीतल्या पेशींवर अनेक औषधं विषाणूला रोखतात. पण बशीत लागणारी मात्रा शंभर किलोच्या जनावराच्या रक्तात टिकवायची, तीही त्याला अपाय न करता, ही गोष्टच निराळी. त्यात तीव्र रोगात डुक्कर आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. औषधाला वेळ मिळतो कुठे? या रोगावर आज एकही मान्यताप्राप्त अँटीव्हायरल नाही.

दडपण्याचं म्हणाल, तर हे संशोधन जगभर उघडपणे चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. माणसाची औषधं मनाने जनावरांना दिली की काय होतं, तेही लपलेलं नाही. चीनमध्ये कोंबड्यांना अमँटाडीन हे माणसाच्या फ्लूवरचं औषध दिलं जात असल्याचं २००५ मध्ये उघड झालं, आणि तिथल्या बर्ड फ्लूच्या अनेक विषाणूंवर ते औषध लागू पडेनासं झालं होतं.

‘मारायची गरज नाही’ हे वाक्य सगळ्यात घातक. वाचलेलं डुक्करही काही काळ विषाणू पसरवू शकतं, आणि गोठवलेल्या मांसात तो महिनोन् महिने टिकतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात रोग आला, तेव्हापासून तिकडच्या पालकांनी किती सोसलंय!

क्लासिकल स्वाइन फिव्हर हा आणखी तिसराच रोग. त्याची लस आपल्याकडे आहे, ती जरूर टोचून घ्या. दोन्ही तापांची लक्षणं मात्र सारखीच दिसतात, त्यामुळे निदान प्रयोगशाळेतच होतं. डुकरं पटापट मरू लागली तर विकू नका, कापू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

गोराईत गोठ्याच्या दाराशी हॉटेलातल्या खरकट्याचं पिंप उघडंच होतं, वर सॉसेजचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे तरंगत होते. अशा मांसातूनच विषाणू गोठ्यात शिरू शकतो; खरा धोका तिथे. गोळ्या मी परत करायला लावल्या आणि ते पिंप चुलीवर चढवलं: ९० अंशांवर, ढवळत, पुरा एक तास.