नाचणीची ताटली

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाऊन आलो, गुलाबी मेणबत्ती लावली, चहा ठेवला आणि धाकट्याला हाक मारली, "चल रे, नाचणी भिजत घालू या."

तो टीव्हीसमोरून हलला नाही. म्हणाला, "नको. तू टाकून देशील."

रागाने म्हणाला नाही, रुसून नाही. पाऊस येईल, छत्री घे, असं सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा टीव्ही बघायला लागला. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून रात्री साडेदहाला लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

वसईबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी आधी सांगते. आमच्याकडे नाताळच्या दहा-बारा दिवस आधी एका उथळ ताटलीत माती पसरून त्यात भिजवलेली नाचणी पेरतात. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि चोवीसपर्यंत छान बोटभर हिरवळ होते. ती ताटली तशीच उचलून गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, ठेवायची, मातीच्या मेंढरांच्या पायाखाली. तुम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरता ना, तसंच. खर्च काही नाही. काम पोरांचं. मोठ्यांनी फक्त ताटली द्यायची.

गेल्या वर्षी धाकटा सात वर्षांचा होता. नाचणी त्यानेच पेरली. शाळेत जायच्या आधी ओंजळीत पाणी घेऊन बोटांनी शिंपडायचा, कारण तांब्याने ओतलं तर दाणे एका बाजूला वाहत जातात, हे त्याला आजीने शिकवलं होतं. मी मात्र ती ताटली स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली. ओट्यावर करंज्यांची ताटं होती, खिडकीत केकचे डबे होते. कोपऱ्यात ऊन नाही. कोंब आले ते पिवळट, लांबुडके, सगळे एकाच बाजूला झुकलेले.

आणि बावीसला गोठा स्पर्धेचे परीक्षक येणार होते.

मी बाजारातून प्लास्टिकच्या हिरवळीचे चार तुकडे आणले होते. छोटा धबधबा केला होता, त्याला मोटर. निळे दिवे. त्या सगळ्यात ही वाकडी पिवळी नाचणी बसेना. एकवीसच्या रात्री साडेअकरा वाजता, पोरं झोपल्यावर, मी ताटली उचलली आणि मागच्या दारी केळीच्या बुंध्याशी उपडी केली. सकाळी तो दात घासायला मागे गेला, त्याला ती दिसली. काही बोलला नाही. आत येऊन दूध प्यायला.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. नाव पुकारलं, "मुलांनाही घेऊन या" म्हणाले. मोठी धावत स्टेजवर आली. हा खुर्चीतून उठलाच नाही. मी शेजारणीला म्हटलं, "लाजतो हो तो." तो लाजरा नाही. मला त्याच वेळी माहीत होतं.

आता तुम्हाला वाटेल मी हे विसरून यंदा शहाणी झाले असेन. नाही. आज सकाळी तो "नको" म्हणाला तेव्हा माझ्या हातात फोन होता आणि त्या फोनवर एका रविवारी, आगमनकाळाच्या रविवारी, ओळीने एवढे मेसेज होते: शाळेचा नाताळ कार्यक्रम, लाल टीशर्ट आणि पांढरी पँट सक्तीची. ट्यूशनची पार्टी, शंभर रुपये आणि घरून एक पदार्थ. सोसायटीचा नाताळबाबा येणार, मुलांची नावं द्या. कॅरल स्पर्धेची तालीम रोज रात्री आठ ते साडेनऊ. चांदणी बनवा स्पर्धा. केक स्पर्धा. आणि गोठा स्पर्धा, परीक्षक बावीसला येतील, "थीम" आधी कळवा.

थीम! गोठ्याला थीम काय असते? खानावळीत जागा मिळाली नाही म्हणून एका बाईला बाळ गुरांच्या गव्हाणीत ठेवावं लागलं, ही थीम. आणखी कसली हवी?

संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा उभा केला, तेव्हा त्यात गवताने भरलेली गव्हाण होती, एक बैल होता आणि एक गाढव होतं. गावातली माणसं मशाली घेऊन बघायला आली. निळे दिवे नव्हते आणि गुणही कुणी देत नव्हतं. हे मला दर वर्षी प्रवचनात ऐकून तोंडपाठ आहे, तरीसुद्धा मी मोटर लावून धबधबा केला. आणि खरी उगवलेली गोष्ट केळीत फेकली.

बरं, मान्य आहे, स्पर्धेमुळे वाडीतली तरुण पोरं महिनाभर एकत्र येतात, फोन बाजूला ठेवून बांबू बांधतात. ते चांगलंच आहे. मोठ्या पोरांनी खुशाल करावं. पण सात-आठ वर्षांच्या मुलांच्या घरात परीक्षक कशाला पाठवता?

शाळेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिते. नाव घेणार नाही. तीनशे रुपयांपर्यंतची भेटवस्तू पालकांनी आणायची, वर मुलाचं नाव घालायचं, आणि नाताळबाबा ती सगळ्यांसमोर एकेकाचं नाव पुकारून देणार. गेल्या वर्षी मी मदतीला म्हणून गेले होते. कुणाचं खोकं एवढं मोठं की त्या पोराला दोन हातांत मावेना, रिमोटची गाडी. आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी पुडी. वही असणार. तिने ती पुडी लगेच फ्रॉकच्या मागे धरली. नाताळबाबाचे कपडे घातलेला तो माणूस तरी काय करणार, "मेरी ख्रिसमस" म्हणून पुढचं नाव वाचलं. वर्गातल्या बाईंचा यात दोष नाही, त्यांना वरून येतं ते त्या करतात, हे मला कळतं. पण वर बसून हे ठरवणाऱ्या एकाला तरी त्या मुलीचा हात दिसला का?

ज्या मायराच्या निकोलस बिशपवरून हा नाताळबाबा आला, त्याची गोष्ट आम्हाला लहानपणी सिस्टर सांगायच्या. एका गरिबाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती. निकोलसने रात्री, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. रात्री टाकली, अंधारात, कारण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. आणि आपण त्याच माणसाला माईक देऊन स्टेजवर उभं केलं.

थोडं थांबले. पाणी पिऊन आले. राग बाजूला ठेवून लिहिते.

मला एवढंच म्हणायचंय की आपण सगळा नाताळ पंचवीसच्या आधी उरकतो. चोवीसच्या रात्रीपर्यंत पोरांना इकडून तिकडे पळवतो, आणि खरा सण येतो तेव्हा त्यांच्यात जीव उरलेला नसतो. गेल्या वर्षी पंचवीसला दुपारी ताटात गरम तळलेले फुगे आणि इंद्यालाचा रस्सा होता, माझ्या सासूबाई पहाटेपासून राबल्या होत्या, आणि मोठी ताटावर बसल्या बसल्या पेंगत होती. धाकटा गोठ्याकडे पाठ करून बसला होता. हे मी तेव्हा बघितलं, पण दमले असतील म्हणून सोडून दिलं. आज कळलं की तो मुद्दाम पाठ करून बसला होता.

खरं तर आपल्या चर्चने किती सोपं करून ठेवलंय. पंचवीसच्या आधीचे चार आठवडे नुसती वाट बघायची. एका रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन. बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचीच नाही. आणि सण सुरू झाला की तो बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत चालू. आमच्या लहानपणी तीन राजे आणि त्यांचा उंट पंचवीसला गोठ्यात नसायचेच. ते खिडकीत असायचे. रोज सकाळी आम्ही भावंडं भांडून त्यांना एक वीत पुढे सरकवायचो. खिडकीतून शोकेसवर, शोकेसवरून रेडिओवर, रेडिओवरून खाली. उंटाचा एक पाय तुटलेला होता, त्याला काडेपेटीचा टेकू. सहाला ते गोठ्याशी पोचायचे आणि त्या दिवशी आई उरलेल्या करंज्यांचा शेवटचा डबा उघडायची. मला एकाही वर्षीची भेटवस्तू आठवत नाही. उंट आठवतो.

म्हणून यंदा मी जे करणार आहे ते इथे जाहीर लिहिते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

गोठा स्पर्धेतून नाव काढलं. दुपारीच फोन केला. "अहो, गेल्या वर्षी दुसरा नंबर होता तुमचा!" हो, होता. चांदणी आणि केक स्पर्धेतही आम्ही नाही. कॅरलमध्ये मोठीला मनापासून गायचंय, ती जाईल. धाकटा जाणार नाही, रात्री साडेनऊपर्यंत त्याचं काही काम नाही तिथे. शाळेचा कार्यक्रम चुकवता येत नाही, पण भेटवस्तूसाठी मी बाईंना लिहिलंय की आमचं पाकीट नाव न घालता देते, ज्याला कमी पडेल त्याला द्या, आमच्या मुलाला घरी मिळेल. उत्तर अजून आलेलं नाही.

नातेवाइकांकडे पंचवीसला एकच घर, माझ्या आईचं. बाकी सगळे सव्वीसनंतर, दिवसाला एक. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे, ते माझेच लोक आहेत, सहा जानेवारीच्या आत राग जाईल. बाहेर पडायच्या आधी पोरांना घरी पोटभर जेवायला घालायचं, कारण दुसऱ्याच्या घरी तीन वाजेपर्यंत केक आणि सरबतावर ठेवलेलं पोर रडणारच, त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही. नेटचा टोचणारा फ्रॉक फक्त मिस्सेपुरता, पिशवीत सुती कपडे.

मध्यरात्रीच्या मिस्सेचं मात्र मन घट्ट करावं लागलं. मला स्वतःला ती फार प्रिय आहे. थंडीत शाल घेऊन चर्चच्या अंगणात उभं राहायचं, घंटा वाजली की अंगावर काटा येतो. पण धाकटा यंदा आजीबरोबर झोपेल आणि सकाळच्या मिस्सेला येईल. मी आणि मोठी रात्री जाऊ. सासूबाईंना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, उलट त्या म्हणाल्या, "माझेही गुडघे सुटले."

आणि कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातले गोड तळलेले शंख, पोरांनी करायचे. गेली दोन वर्षं मी ते विकत आणतेय, वेळ नाही म्हणून, आणि खरंच नाही, विरार लोकलमधून उतरते तेव्हा आठ वाजलेले असतात. पण एका शनिवारी मैदा, अंडं, नारळाचं दूध घालून पीठ मळून दिलं की पुढचं त्यांचं काम. काट्याच्या पाठीला तेल लावायचं, सुपारीएवढी गोळी त्यावर अंगठ्याने दाबत ओढायची, ती आपोआप वळते आणि अंगावर रेघा उमटतात. तळणार मी. वाकडे, जाडे, उलगडलेले, जसे होतील तसे ताटात जातील. पाहुण्यांना तेच मिळतील. एकही मी निवडून बाजूला काढणार नाही.

सव्वीसनंतर सुट्टी आहेच. एकतीसला जाळायचा म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, पोरं स्वतः करतील, बाबांची जुनी पँट आणि पेंढा मागून ठेवलाय. त्यात मी पडणार नाही.

तुमच्यातल्या ज्यांच्याकडे दिवाळी आहे, गणपती आहे, तुमचंही हेच झालंय ना? तयार किल्ले विकत मिळतात आता. आमच्या समोरच्या घरातला मुलगा दर वर्षी मातीत हात घालायचा, यंदा त्याच्या अंगणात प्लास्टरचा किल्ला होता, रंगवलेला, सरळ बुरूज. तो मुलगा त्याच्या जवळपास फिरकला नाही. मी जाता-येता बघायची आणि मला आमची ताटली आठवायची. तरी बोलले नाही कुणाला. आज बोलतेय.

संध्याकाळी मी धाकट्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मी गेल्या वर्षी तुझी नाचणी टाकली, ते चुकलं माझं. ती पिवळी पडली कारण मी तिला अंधारात ठेवलं. तू पाणी नीट घालत होतास." तो म्हणाला, "मला माहितेय." पुढे काही नाही. मी त्याला पुन्हा चल म्हटलं नाही.

स्वयंपाकघरात येऊन माळ्यावरून ते बक्षीस खाली काढलं. काचेच्या सहा वाट्यांचा सेट. वर्षभर खोकं उघडलं नव्हतं. एक वाटी धुतली, मूठभर नाचणी घातली, पाणी घातलं आणि ओट्यावर खिडकीपाशी ठेवली. केकचे डबे तिथून हलवले.

जेवणं झाली. मी भांडी घासत होते. तो पाणी प्यायला आला, वाटीत वाकून बघितलं, बोट घालून ढवळलं. म्हणाला, "एवढीशी पुरणार नाही." मग डबा काढला, खोक्यातली दुसरी वाटी घेतली आणि तिच्यात आणखी दोन मुठी घातल्या.